नर्मदाकाठचा पाणघोडा

वैशाखांत ठिकठिकाणीं उतार पडलेली वर्धा नदी पाहणाऱ्यास, येथें कधीं काळीं पाणघोडा डुंबत असेल अशी कल्पना सुचणें कठीण आहे. पाणघोडा आफ्रिकेचा, अशीच सर्वांची समजूत. परंतु ज्या सातपुड्यांत मुलताईजवळ ही नदी उगम पावते त्याच्याच पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यांत, नरसिंहपुराच्या परिसरांतील जुन्या गाळांतून पाणघोड्याचीं अश्मीभूत हाडें निघालीं आहेत. वर्धा व नरसिंहपूर हे जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतांत होते. त्या दृष्टीनें हा प्राणी परका नव्हेच.

सहारनपूरच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर व कालव्यांचे इंजिनीअर प्रॉबी कॉटली या जोडीनें शिवालिक टेकड्यांतील हाडें प्रथम अभ्यासिलीं, पुढें नर्मदेचीं. आजच्या आफ्रिकी पाणघोड्याच्या खालच्या जबड्यांत पुढचे दांत चार. शिवालिकच्या जबड्यांत मात्र ते सहा निघाले. म्हणून १८३६ सालीं त्यांनीं त्यास ‘हेक्झाप्रोटोडॉन’, म्हणजे पुढें सहा दांतांचा, असें नांव दिलें.

या हाडांचें खरें मोल त्यांच्या साक्षींत आहे. पाणघोड्याची कातडी उन्हांत लवकर सुकून तडकते. म्हणून तो दिवस पाण्यांत घालवितो आणि रात्रीं काठावर येऊन गवत चरतो. हत्ती पाण्याच्या शोधांत कोसच्या कोस चालेल. पाणघोड्यास तें साधत नाहीं. तेव्हां जेथें त्याचें हाड, तेथें बारमाही डोह आणि जवळच कुरण, हें अनुमान बहुधा चुकत नाहीं. सहाराच्या वाळूंत सांपडलेल्या त्याच्या हाडांवरून त्या वैराण प्रदेशांत एके काळीं तळीं होतीं हें ठरलें. पूर्व आफ्रिकेंतील तुर्काना सरोवराच्या परिसरांत तर त्याच्या दांतांच्या वेष्टणांतील कार्बन व ऑक्सिजन तपासून तो कोणतें गवत खाई व कसलें पाणी पीत असे, हेंही शास्त्रज्ञ सांगूं लागले आहेत.

नर्मदेच्या डोहांकांठीं माणूसही वावरत होता. १८७२ च्या सुमारास हॅकेट यांस नरसिंहपूरजवळ भूतरा येथें याच पुरातन गाळांत दगडी हातकुऱ्हाड मिळाली. १९८२ सालीं अरुण सोनकिया यांस हथनोरा येथें मानवी कवटीचा भाग सांपडला.

मग हा प्राणी गेला कोठें? भारतांतील त्याचा सर्वांत अलीकडचा अवशेष सुमारें १६,००० वर्षांपूर्वींचा आहे. हिमयुगाच्या उत्तरार्धांत मोसमी पाऊस दुबळा झाला, त्यामुळें नद्यांचे डोह उन्हाळ्यांत आटूं लागले असावेत, असें कांहीं संशोधकांचें मत आहे. पाऊस पुढें पुन्हां वाढला; पाणघोडा मात्र परतला नाहीं.