कॅनन म्हणजे तोफ नव्हे

मराठी माणसाला इतिहास वाचण्यापेक्षा तो दुरुस्त करण्याची हौस जास्त. पानपतावर विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला नको होतं, हे आमच्या जालन्यात सदर बाजारातल्या कुठल्याही ओट्यावर बसलेला गृहस्थ तुम्हाला खात्रीनं सांगेल. स्वतः तो आयुष्यात कधी सायकलवरून वेळेवर उतरलेला नसतो, ही गोष्ट वेगळी. इतिहासात जर-तरला स्थान नाही, असं विद्वान म्हणतात. नसेलही. पण चहाचा दुसरा कप आला की आमच्याकडे जर-तरशिवाय दुसरं काही शिल्लकच राहत नाही.

हा उद्योग आजवर फुकटात चालायचा. आता तो विकत मिळतो. आमचे नातू, वय वर्षे चौदा, कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतात. २००९ साली निघालेल्या या खेळाचं नाव एम्पायर टोटल वॉर. त्यात १७०० सालापासून १७९९ पर्यंतचं जग मांडलेलं आहे आणि त्यात मराठ्यांचं राज्य तुम्हाला स्वतः चालवता येतं. चिरंजीवांच्या चिरंजीवांनी साताऱ्याहून आरंभ केला आणि एका रविवारी दुपारी लंडन घेतलं. आम्ही तेव्हा शेंगा सोलत होतो. बातमी ऐकून आमच्या हिनं विजयी वीराच्या हातावर चार शेंगा जास्त ठेवल्या. खेळ बनवणारी मंडळी इंग्लंडातलीच. इंग्रज कंपनीकडून मराठ्यांना एवढी मदत पूर्वी कधी झाली असेल असं वाटत नाही.

पुढं त्याच कंपनीचा २०१० सालचा नेपोलियनवरचा खेळ घरात आला. पाहतो तो लंडन पुन्हा इंग्रजांकडे!

"काहून रे? परत कोणी दिलं?"

"आजोबा, माझं ते कॅनन नव्हतं."

कॅनन म्हटल्यावर आमच्या पिढीला एक तोफ आठवते, नाहीतर फार तर कॅमेरा. नातवानं समजावून सांगितलं ते असं. ज्या खेळात खेळणारा स्वतः निवड करतो, राजाला मारायचं की सोडायचं, तह करायचा की लढायचं, त्या खेळाच्या गोष्टीला एक शेवट नसतो. दहा घरांत दहा शेवट होतात. तोवर कोणाची तक्रार नसते. पंचाईत होते ती दुसरा भाग काढायची वेळ आली म्हणजे. दुसऱ्या भागात राजा गादीवर बसलेला दाखवायचा की त्याच्या फोटोला हार घातलेला दाखवायचा? तेव्हा बनवणारे एक शेवट खरा धरतात. तो कॅनन. बाकी नऊ घरांतल्या लोकांनी रात्री जागून जे केलं ते झालंच नाही, असं समजायचं.

काही कंपन्या मात्र मोठ्या मुत्सद्दी. डेउस एक्स नावाच्या २००० सालच्या खेळाला तीन शेवट होते. २००३ साली पुढचा भाग काढताना त्यांनी तिन्हींतला थोडा थोडा अंश घेऊन मिसळ केली. डॅगरफॉल नावाच्या १९९६ सालच्या खेळानं त्याहून कडी केली. त्याचेही शेवट अनेक, आणि एकमेकांशी न जुळणारे. तर पुढच्या भागांत खुलासा असा, की त्या वेळी काळाचीच गडबड उडाली आणि सगळे शेवट एकदम खरे झाले! आम्हाला याचं नवल वाटलं नाही. आमच्या घराण्यात थोरल्या काकांनी वाटणीत विहीर मागितली होती आणि त्यांनी ती स्वतःहून सोडली होती, या दोन्ही गोष्टी गेली साठ वर्षं एकाच वेळी खऱ्या आहेत. कोणत्या आत्या घरी आल्यात एवढंच पाहून बोलायचं.

एवढं समजल्यावर आमच्या डोक्यात आली आसई.

आसई आमच्याच जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या टापूत. (जिल्हा झाला १ मे १९८१ ला, लढाई त्याआधीच आटोपली होती.) केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून आला. वय चौतीस. पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दोन दिवस आधी त्यानं आणि कर्नल स्टीव्हन्सननं बदनापूरला बसून ठरवलं होतं, की दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला भोकरदनला एकत्र व्हायचं. आज बदनापूरला लोक बसतात ते एस.टी.ची वाट पाहत. पण वेलस्लीला शत्रू एक दिवस आधीच आणि भलत्या ठिकाणी सापडला. आता थांबायचं की लढायचं? नातवाच्या भाषेत पहिलं बटण इथं होतं. त्यानं लढायचं दाबलं.

दुसरं बटण नदीचं. केळणा ओलांडायची कुठून? वाटाडे म्हणाले, साहेब, पुढं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. त्याला समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं दिसली. दोन गावं अशी अमोरासमोर असतील तर माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, असं त्यानं ताडलं. उतार निघाला आणि फौज पार झाली. ही हकीकत इंग्रजी पुस्तकांत त्याच्या अक्कलहुशारीचा नमुना म्हणून येते. उतारवयात त्यानं स्वतःच ती सांगितलेली.

आमचं लक्ष मात्र त्या वाटाड्यांकडे जातं. आमच्या मुलखात रस्ता विचारला तर वीस कोस असला तरी "हे काय, पुढंच आहे" म्हणण्याची रीत आहे. जिथं रस्ता होता तिथं "नाही" म्हणणारी माणसं आम्हाला तरी साधी वाटत नाहीत. ज्याच्या मामाचं घर वरूडला असेल त्याला पिंपळगावचा उतार ठाऊक नसेल? आमचा आपला संशय असा, की त्या दिवशी या लढाईतली पहिली गोळी त्या वाटाड्यांनीच झाडली, आणि ती नेमकी चुकली. कॅननमध्ये ते फक्त अडाणी आहेत.

तिसरी गोष्ट आणखी अवघड. वेलस्ली बगलेवर आलेला पाहून शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली सगळी रांग काटकोनात फिरवली. एवढी चपळाई त्याला अपेक्षितच नव्हती. याचं श्रेय पुस्तकं देतात ते पोलमन या हानोव्हरच्या सेनापतीला. वळले ते मात्र हजारो शिपाई. गोलंदाज तर तोफांवरून इंग्रजांची पलटण पुढं निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले उठले आणि त्याच तोफा मागून डागू लागले. घोडदळ बहुतेक उभंच राहिलं आणि दोन्ही राजे मैदान सोडून गेले. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती. आमच्या मनातला कॅनन आणि नातवाचा कॅनन, दोन्ही एका दिवसात तिकडे गेले.

नातवानं विचारलं, "मग यात आपली बाजू कोणती?" सोपा प्रश्न नाही. शिंद्यांच्या पलटणींत हिंदुस्थानातले, म्हणजे उत्तरेकडचे शिपाई पुष्कळ. वेलस्लीकडे मद्रासी पलटणी, म्हैसूरचे स्वार आणि हो, पेशव्यांचेही स्वार. कारण ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून बाजीराव इंग्रजांच्या पंखाखाली गेलेले. सदर बाजारातल्या ओट्यावर आसईचा जर-तर कोणी काढत नाही, तो बहुधा यामुळेच. पानपतावर निदान कोणासाठी हळहळायचं ते ठरलेलं असतं.

आणि पुढचा भाग लिहिला वेलस्लीनं. आडगावच्या आणि गाविलगडच्या लढाया, शिंद्यांशी ३० डिसेंबरचा सुर्जी-अंजनगावचा तह, सगळं तीन महिन्यांत. आसईचे आकडेही त्याच्याच पत्रांतून आले. त्याच्या बाजूचे मेले ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८. एकुणात १५८४, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या फौजेतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. म्हातारपणी, लढाईत तुम्ही सर्वांत चांगलं काय केलंत असं विचारल्यावर त्यानं वॉटर्लू न म्हणता आसई म्हटलं, ते उगीच नव्हे.

"आणि शिंद्यांचे?"

"सुमारे बाराशे मेले. जखमी मुलूखभर पसरलेले. हाही त्याचाच अंदाज."

"इकडं अठरा बेपत्ता म्हणजे अठराच. तिकडं सुमारे काहून?"

आम्ही चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला. आतून ही म्हणाली, पोराला जेवायला सोड आता.

जेवताना त्यानं जाहीर केलं, की मोठा झाल्यावर तो आसईचा खेळ काढणार आहे. त्यात पिंपळगावच्या उतारावर आधीच दोन तोफा उभ्या करायची सोय असेल.

"आणि ते वाटाडे?" आम्ही विचारलं.

"ते राहतील तसेच," तो भाकरी मोडत म्हणाला, "पण त्यांना मी नावं देणार."