उष्णतेवर अधिकार कोणाचा? लिनक्स कर्नलमधील यंत्र-निरीक्षण व पंखा-नियंत्रणाचा इतिहास (१९९८ ते २००९)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात वेग, स्मृती आणि आज्ञावली यांची चर्चा विपुल आढळते; उष्णतेची मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः प्रोसेसरला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युतशक्ती अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १९९३ मध्ये आलेला इंटेलचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट शक्ती वापरीत असे. २००४ मधील पेंटियम ४ च्या काळात हा आकडा १०० वॅटच्या घरात पोहोचला. साहजिकच पंखा ही केवळ सोय न राहता यंत्राच्या आयुष्याचा आधार बनली. त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहिला: पंख्याचा वेग कोणी ठरवावा? मदरबोर्डवरील फर्मवेअरने, कार्यकारी प्रणालीच्या कर्नलने (गाभ्याने), की वापरकर्त्याने? प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. तापमान वाचण्याचा अधिकार तुलनेने लवकर मिळाला. परंतु पंख्याला आज्ञा देण्याचा अधिकार मात्र अनुभवाने शिकविलेल्या मर्यादांसहच दिला गेला, असे या इतिहासावरून दिसून येते.

१. संवेदक व त्यांची भाषा

एका मदरबोर्डवरील चिपांनी परस्परांशी दोनच तारांवरून संवाद साधावा, यासाठी फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आय-टू-सी ही पद्धती विकसित केली. तिच्यावर आधारित एसएमबस हे मानक १९९५ मध्ये पुढे आले. त्याच दशकात नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही निरीक्षक चिप प्रचारात आली. सात विद्युतदाब, तीन पंखे आणि एक तापमान यांची नोंद ही एकच चिप घेत असे.

तथापि, चिप देते ती केवळ कच्ची संख्या. पंख्याचे उदाहरण घेता येईल. पंखा प्रत्येक फेऱ्यात सहसा दोन विद्युत स्पंद देतो. एका फेऱ्यास लागणाऱ्या वेळात २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाचे किती ठोके पडले, हे चिप मोजते. १३,५०,००० या संख्येस ते ठोके व एक विभाजक यांच्या गुणाकाराने भागले असता दर मिनिटाचे फेरे मिळतात. ठोक्यांची ही संख्या २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे विभाजक २ असताना सुमारे २,६५० पेक्षा कमी फेऱ्यांनी फिरणारा पंखा चालू असूनही बंद असल्याचे भासते. तात्पर्य, साधे वाचन हेदेखील अर्थनिर्णयाचे काम होते आणि ते ड्रायव्हरलाच करावे लागे.

२. एलएम-सेन्सर्स प्रकल्प व वाचनाची किंमत

१९९८ मध्ये फ्रोडो लोइयार्ड व फिलिप एडलब्रॉक यांनी एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प उभा केला. त्याचे ड्रायव्हर प्रारंभी मूळ कर्नलच्या बाहेर वितरित होत असत. कोणत्या मदरबोर्डवर कोणती चिप आहे, हे सांगणारी सार्वत्रिक व्यवस्था नसल्याने एक शोधक आज्ञावली बसवरील पत्त्यांवर क्रमाक्रमाने चौकशी करीत असे.

ही चौकशी निरुपद्रवी आहे, हे गृहीतक शतकाच्या आरंभी कोसळले. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये यंत्राची ओळख व संरचनेची माहिती २४आरएफ०८ या स्मृतीचिपमध्ये साठविलेली असे. पत्ता पाठवून पुढे काहीही न लिहिता थांबणे, ही चौकशीची नेहमीची रीत. ही चिप मात्र विशिष्ट परिस्थितीत त्यानंतरचा संदेश लेखन समजून स्वीकारी. परिणामी तिच्यातील माहिती बिघडे आणि लॅपटॉप सुरूच होईनासा होई. केवळ तापमान पाहू इच्छिणाऱ्या वापरकर्त्याचे यंत्र त्यामुळे निकामी होत असे.

यावर दोन उपाय योजण्यात आले. संबंधित बस-ड्रायव्हरने आयबीएमचे यंत्र ओळखताच काम नाकारावे, अशी तपासणी त्यात घालण्यात आली. तसेच त्या पत्त्यांवरील चौकशीनंतर चिपला पूर्वस्थितीत आणणारा संदेश पाठविण्याची तजवीज झाली. यंत्राची ओळख पटल्याखेरीज त्याला स्पर्श करू नये, हा धडा या विषयाच्या पुढील इतिहासात वारंवार आढळतो.

३. मूळ कर्नलमध्ये प्रवेश

ग्रेग क्रोआ-हार्टमन आदींच्या प्रयत्नांतून हे ड्रायव्हर २.५ या विकास-मालिकेत मूळ कर्नलमध्ये आले आणि डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीबरोबर सर्वत्र पोहोचले. २००५ मध्ये त्यांना 'एचडब्ल्यूमॉन' हे स्वतंत्र दालन मिळाले. पुढील काळात ज्याँ डेल्वार यांनी या विभागाची धुरा दीर्घकाळ वाहिली.

या टप्प्यावर समान मानके निश्चित झाली. एका फाइलमध्ये एकच मूल्य असावे, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात द्यावे, पंख्यास मिळणारी शक्ती ० ते २५५ या प्रमाणात दर्शवावी, असे ठरले. नियंत्रणाच्या रीतीसाठीही अंक योजले गेले: १ म्हणजे हस्तनियंत्रण, २ व त्यापुढील अंक म्हणजे चिपचे स्वयंचलित नियंत्रण. यात ० या अंकाचा अर्थ विशेष लक्षणीय आहे. शून्य म्हणजे पंखा बंद, असे नव्हे. शून्य म्हणजे नियंत्रण नाही, म्हणून पंखा पूर्ण वेगात. नियंत्रण सुटल्यास यंत्र तापण्याऐवजी केवळ आवाज वाढावा, ही भूमिका मानकातच अंतर्भूत झाली.

प्रत्यक्ष वेग ठरविण्याचे काम कर्नलबाहेरील 'फॅनकंट्रोल' या आज्ञावलीकडे राहिले. थांबलेला पंखा सुरू होण्यास, फिरता पंखा फिरत ठेवण्यापेक्षा अधिक शक्ती लागते. म्हणून ती आज्ञावली प्रारंभाचे व थांबण्याचे अशी दोन भिन्न मूल्ये मागते. ती बंद होताना पंख्याचे नियंत्रण परत सोपविण्याची व्यवस्थाही तिच्यात आहे.

४. थिंकपॅडचा पंखा: अटींसह अधिकार

लॅपटॉपमध्ये पंख्याची सूत्रे एका स्वतंत्र नियंत्रक-चिपकडे असतात. बोरिस्लाव देयानोव्ह यांचा आयबीएम-एसीपीआय हा ड्रायव्हर डिसेंबर २००४ मध्ये २.६.१० या आवृत्तीत समाविष्ट झाला. हेन्रिक दि मोराएस होल्शू यांच्या देखरेखीखाली २००७ मध्ये, २.६.२२ या आवृत्तीपासून, तो थिंकपॅड-एसीपीआय या नावाने ओळखला जाऊ लागला.

या ड्रायव्हरमध्ये पंख्याच्या ० ते ७ अशा पातळ्या आहेत आणि येथे ० म्हणजे खरोखरच पंखा बंद. त्यामुळे नियंत्रणाची सोय मुळात बंद ठेवलेली असते. वापरकर्त्याने ड्रायव्हर चालू करताना स्पष्ट संमती दिली तरच ती खुली होते. शिवाय १ ते १२० सेकंदांची मुदत लावता येते. त्या मुदतीत नवी आज्ञा न आल्यास, आज्ञा देणारी आज्ञावली बंद पडली असे मानून ड्रायव्हर स्वतःच पंखा सुरक्षित पातळीवर आणतो. अधिकार दिला, पण तो गाजविणारा जागा आहे किंवा नाही याची खातरजमाही सोबत ठेवली.

५. दोन धनी, एक चिप

२००९ मध्ये संघर्ष वेगळ्या रूपात प्रकटला. अनेक निरीक्षक चिपांतील नोंद वाचण्यास दोन पायऱ्या लागतात: प्रथम नोंदीचा क्रमांक लिहिणे, मग तिचे मूल्य वाचणे. एसीपीआय व्यवस्थेद्वारे फर्मवेअरही याच चिपशी व्यवहार करीत असे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये फर्मवेअरने क्रमांक बदलल्यास ड्रायव्हर भलतीच नोंद वाची. लेखन चालू असल्यास भलत्याच ठिकाणी लिही.

यावर कर्नलने कठोर निर्णय घेतला. फर्मवेअरने ज्या पत्त्यांवर हक्क सांगितला आहे, तेथे ड्रायव्हरला मज्जाव हा नेहमीचा नियम झाला. कर्नल अद्ययावत करताच अनेकांच्या संगणकांवरील तापमानाचे आकडे नाहीसे झाले. नियम शिथिल करण्याचा पर्याय ठेवला गेला, पण त्याचा धोका वापरकर्त्याच्या माथी राहिला. आसुस कंपनीच्या मदरबोर्डांसाठी त्याच वर्षी आलेल्या ड्रायव्हरने सामोपचाराचा मार्ग स्वीकारला: चिपला परस्पर न विचारता फर्मवेअरलाच विचारणे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यंत्राच्या बाबतीत वाचन व लेखन यांतील सीमारेषा समजली जाते तितकी पक्की नाही. थिंकपॅडची हानी निव्वळ चौकशीतून झाली. दुसरी, येथील सुरक्षिततेचे बहुतेक नियम आधी घडलेल्या अथवा संभाव्य हानीच्या जाणिवेतून आले. तिसरी, उष्णतेवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणा एकाच्या बाजूने लागले नाही. वापरकर्त्याला अधिकार मिळाला, पण त्याने तो सोडला, विसरला किंवा त्याची आज्ञावली कोलमडली, तरी पंखा फिरत राहावा, या अटीवर. स्वातंत्र्य व सुरक्षितता यांचा हा मेळ पंख्याच्या वेगासारख्या सामान्य वाटणाऱ्या विषयात साधला गेला, हेच या इतिहासाचे महत्त्व होय.