तसबिरीची मागची बाजू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, लढाई, सनद आणि सुलतान एवढेच येते. गावालाही इतिहास असतो हे आपण मान्य करतो, पण तो ठेवलेला कुठे असतो, असे कुणी विचारले की गप्प बसतो. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव घ्या. गावात दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे. ती कुणी बांधली, कधी बांधली यावर अभ्यासक लिहितात, पुढेही लिहितील. पण शंभर वर्षांपूर्वी या गावातून चालणाऱ्या माणसांचे चेहरे कसे होते, ती परगावच्या लेकीला पत्र कोणत्या भाषेत लिहीत, शाळेत मास्तरांसमोर कोण कोण बसत असे, याची नोंद कोणत्याही सरकारी ग्रंथात मिळणार नाही. ती असलीच तर घराच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आहे. पिवळे पडलेले फोटो आणि पोस्टकार्डे हेच अशा गावांचे दफ्तर. या दफ्तराचे आज काय होत आहे, हा या लेखाचा विषय.

आपला मराठवाडा कॅमेऱ्याला अनोळखी नव्हता. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक लंडनला निघाले. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर आले लाला दीनदयाळ. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले, रुडकीला शिकलेले दीनदयाळ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा मुसव्विर जंग' हा किताब त्यांना मिळाला. मुसव्विर म्हणजे तसबीर करणारा. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुराणवस्तू खाते स्थापन झाले. गुलाम यझदानी त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्या काळात अजिंठा, वेरूळ, बिदर, दौलताबाद यांची शेकडो छायाचित्रे निघाली. निजामाच्या टपालाच्या १९३१ च्या तिकिटांवरही हेच वैभव छापले गेले: आठ आण्यांवर अजिंठ्याचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा महमूद गवानचा मदरसा, एक रुपयावर दौलताबादचा मिनार.

या सगळ्यात खेडे कुठे आहे? १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात जी मदतकामे चालली, त्यांचे फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओने काढले. त्यांत खेड्यातील माणूस दिसतो, पण रांगेत, हाडाच्या सापळ्यासारखा. अशा फोटोंखाली ठिकाण असते, काम असते. माणसाचे नाव नसते. राजाच्या फोटोखाली त्याचे सारे किताब लिहिलेले आणि रयतेच्या फोटोखाली नुसता 'दुष्काळ'. चित्रांच्या इतिहासातही जातपात आणि श्रीमंती-गरिबी असते, ती अशी.

खेड्याला स्वतःचा फोटो मिळाला तो उशिरा आणि वेगळ्या वाटेने. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि १९१२ मध्ये पूर्ण्याहून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत फाटा गेला. रेल्वेबरोबर नोकऱ्या आल्या, बदल्या आल्या, शाळा तपासणारे अधिकारी आले. शहरातला फोटोवाला आपली तिपाई आणि काळे कापड घेऊन लग्नसराईत, शाळेच्या निरोप समारंभात खेड्याकडे येऊ लागला. बहुतेक फोटो एकाच साच्याचे. मधे खुर्चीवर शेरवानी आणि रूमी टोपीतले सदर मुदर्रिस, बाजूला पागोटे बांधलेले पाटील-पटवारी, समोर जमिनीवर मांडी घालून बसलेली मुले. त्या मुलांत पाटलाचा मुलगा आहे, तांबोळ्याचा आहे, अत्ताराचा आहे. असे कितीतरी फोटो पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर छापले जात. आजही स्टुडिओत आपण 'पोस्टकार्ड साइझ' मागतो, तो शब्द तिथूनच आलेला.

आता हा फोटो उलटा करून पाहा. मागे शाईने, बारीक नस्तालीक अक्षरात काही ओळी असतात. १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानात फारसीऐवजी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. त्यामुळे तहसील, शाळा, पोलीस, रेल्वे यांत नोकरी करणारा माणूस मुसलमान असो, ब्राह्मण असो की मराठा, उर्दू लिहीत असे. पटवाऱ्याची मराठी मोडीत आणि दफ्तराची भाषा उर्दू, असा तो दुहेरी संसार होता. म्हणून देशमुखांच्या वाड्यातल्या फोटोमागेही उर्दू सापडते आणि आमच्या मोहल्ल्यातल्या फोटोमागेही. दोन्ही घरांतल्या आजच्या तरुणांना ती वाचता येत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो म्हणून अशी कागदपत्रे वाचून द्या, असे सांगत लोक येतात. त्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे नोंदवणे उपयोगाचे होईल. पहिली चूक नावांची. फोटोमागे 'दाएँ से बाएँ' म्हणजे उजवीकडून डावीकडे नावे लिहिलेली असतात. नातू कुणाकडून तरी नावे वाचून घेतो आणि मराठीच्या सवयीने डावीकडून मोजू लागतो. एका झटक्यात अख्खी रांग बदलते. आजोबांच्या जागी चपराशी आणि चपराशाच्या जागी आजोबा! मग त्या चुकीच्या माणसाचा चेहरा मोठा करून, चौकटीत घालून भिंतीवर लागतो आणि पुढची पिढी त्यालाच आजोबा म्हणते.

दुसरी चूक तारखेची. संस्थानात फसली सन चालत असे. वर्ष आजुर महिन्यात, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. आजुर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत आणि इस्फंदारपासून पुढे ५९१ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. आजुर १३५० म्हणजे ऑक्टोबर १९४०, पण खुर्दाद १३५० म्हणजे एप्रिल-मे १९४१. काही जण या आकड्याला हिजरी समजतात. हिजरी १३५० म्हणजे १९३१-३२. दहा वर्षांचा फरक पडतो आणि फोटोतला पहिलीचा मुलगा जन्म घेण्याआधीच शाळेत जाऊन बसतो!

पोस्टकार्डांची गोष्ट आणखी जवळची. जगातले पहिले पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रियात निघाले आणि १ जुलै १८७९ रोजी इंग्रजी हिंदुस्थानात पाव आण्याचे कार्ड आले. निजामाचे टपाल वेगळे होते. त्याचे पहिले तिकीट १८६९ चे. १९५० पर्यंत हे खाते स्वतंत्र चालले. कार्ड उघडे असते, गावातला टपालवाला ते वाचतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतो. म्हणून त्यात गुपित लिहीत नसत. वर ७८६, मग सलाम, मग खैरियत, मग पिकाची हालत, मग कोण आजारी आणि कोण बरे, शेवटी 'थोडे लिखे को बहुत समझना'. याच दोन-चार ओळींत त्या वर्षी जोंधळा कसा आला, हाली रुपयाला काय मिळत होते, कोणत्या गावात पटकी होती हे कळते. शुभवार्तेच्या कार्डाला हळदीचे बोट लागलेले असे. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. असे कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडत. त्यामुळे जन्म, लग्ने, बदल्या यांची कार्डे पेटीत उरली आणि मरणाची उरली नाहीत.

मरणाची नोंद आणखी एका कारणाने उरली नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले. त्याआधी रझाकारांनी गावोगावी जुलूम केले होते, ते आम्ही नाकारत नाही. नाकारूही नये. पण त्यानंतर मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमानांवर जे गुजरले, तेही तितकेच खरे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानभर फिरून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळल्याचे म्हटले. हा अहवाल सामान्य वाचकाला २०१३ मध्ये पाहायला मिळाला. त्या भयात अनेक घरांनी आपल्या हातांनी आपले फोटो जाळले, असे आमच्या भागातले बुजुर्ग सांगतात. शेरवानी घातलेला, तुर्रेदार टोपीतला, शासकीय गणवेशातला बाप आता पुरावा ठरला होता. कुणी चुलीत टाकले, कुणी विहिरीत. बाप साधा अव्वल कारकून होता, त्याने कुणाला बोटही लावले नव्हते, हे सांगायला तो फोटो आज असता तर!

फोटो कमी असण्याचे दुसरे कारण आपल्याच घरातले आहे. तसबीर काढणे जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना. दीनदार घरांत फोटो लावत नसत आणि स्त्रियांचा तर काढतच नसत. हज करायचा तर पासपोर्टला फोटो हवा, म्हणून पुष्कळ पुरुषांचा पहिला फोटो हजच्या निमित्ताने निघाला. १९९३ पासून मतदार ओळखपत्रे आली. कित्येक दादी-नानींचा आयुष्यातला एकुलता एक फोटो त्या ओळखपत्रावरचा आहे. श्रद्धेच्या बाबतीत आम्ही कुणाला उपदेश करीत नाही. ज्यांना चेहरा ठेवायचा नाही त्यांनी निदान पत्र तरी ठेवावे. अक्षर ठेवायला कुणाची मनाई नाही.

कागद ठेवून काय मिळते, असे विचारणाऱ्यांना २०२३ ची आठवण द्यावीशी वाटते. मराठा-कुणबी नोंदींच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन दफ्तरे उघडली. नोंदी मोडीत आणि उर्दूत. ज्या भाषेला परकी म्हणून हिणवले जात होते, ती वाचणारे लोक शोधण्याची वेळ जिल्ह्या-जिल्ह्यांत आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटच्या नोंदींबाबत निर्णय काढला. आरक्षणाच्या वादात आम्ही पडत नाही. या घटनेने एक गोष्ट सर्वांसमोर आणली, ती एवढीच की उर्दूत या मातीतल्या सगळ्या जातिधर्मांची वंशावळ लिहिलेली आहे. शेजाऱ्याच्या आजोबांचे नाव वाचून द्यायला आपली लेकरे लागणार आहेत.

इतर मुलखांत सामान्य माणसांच्या गावांचे कागद कसे जपले गेले, तेही पाहू. स्कॉटलंडच्या आयरशायर परगण्यात ग्लेनबक नावाचे कोळसा खाणींचे लहान खेडे होते. हजार-बाराशे वस्तीच्या या गावाने सुमारे पन्नास व्यावसायिक फुटबॉलपटू दिले. लिव्हरपूलचे प्रसिद्ध प्रशिक्षक बिल शँक्ली १९१३ मध्ये तिथेच जन्मले. खाणी बंद पडल्या, माणसे पांगली आणि पुढे उघड्या खाणकामात गावाची जमीनही उकरली गेली. आज ते गाव जागेवर नाही. पण खाणकामगारांच्या चाळी, शाळा, फुटबॉलचा संघ यांचे जुने फोटो आणि पोस्टकार्डे लोकांनी जपली, म्हणून त्याची गल्लीन्‌गल्ली माहीत आहे. तिथेही राजे-रजवाडे नव्हते, कोळशाने काळवंडलेली माणसेच होती. आपली गावे तर अजून उभी आहेत. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांत ज्यांची घरे गेली, त्यांना मात्र ग्लेनबकचे दुःख समजेल. २०२३ मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रपोस्टकार्डे काढली, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बारवाही आहेत. दगडाला कार्डावर जागा मिळाली, याचा आनंदच आहे. माणसांची कार्डे आपल्या पेटीत आहेत, ती आपणच सांभाळायची.

सध्या एक नवे संकट आले आहे. मुले जुना फोटो मोबाईलवर टिपतात, व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि मूळ कागद टाकून देतात. टिपतात ती फक्त समोरची बाजू. नावे, तारीख, गाव, नाते सारे मागे राहते आणि रद्दीत जाते. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. फोटो दोन्ही बाजूंनी टिपा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. डिंकाने वहीत चिकटवू नका, प्लास्टिकमध्ये दाबून बंद करू नका. मागे काही लिहायचे तर मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको. नावे कुठल्या बाजूने मोजली ते आवर्जून लिहा. कुणी सांगितले, त्याचेही नाव लिहा. आणि हे काम घरातला सर्वांत म्हातारा माणूस हयात असताना करा.

उर्दू शाळांच्या शिक्षकांनी इतिहासाच्या तासाला एक दिवस यासाठी द्यावा. प्रत्येक मुलाने घरातले एक कार्ड किंवा एक फोटो आणावा, मागची ओळ वाचावी, फसलीचा इसवी करावा आणि मराठीत उतरवून घरच्यांना व शेजाऱ्यांना वाचून दाखवावा. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही. हट्ट्यासारख्या गावात वीस घरांनी जरी आपल्या पेट्या उघडल्या, तरी गावाच्या इतिहासाचे पहिले पान तयार होईल आणि ते गावातल्या सगळ्यांचे असेल.