सूडाचे चित्रपट आणि आमचे परळ



१९८६ साली मी सोळा वर्षांचा होतो. एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ पालघरला लागला, तेव्हा तो मी पिटात बसून पाहिला. नाक्यावर बसणारी चार बेकार पोरे; शेजारची एक मुलगी त्यांना माणसांत आणते; तिच्यावर तिचे वरिष्ठ अत्याचार करतात, न्यायालयातून सुटतात, मुलगी जीव देते; आणि हे चौघे त्या नराधमांना ठार करून स्वतः फासावर जातात. एवढीच कथा. शिट्ट्या आणि टाळ्या यांनी थिएटर दणाणले, आणि त्यांत माझेही दोन हात होते.

‘अंकुश’ एकटा नव्हता. १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला, श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातला फौजदार शेवटी गुंडाचा गळा स्वतःच आवळतो. १९८५च्या ‘अर्जुन’मध्ये भर पावसात, छत्र्यांच्या गर्दीत एका तरुणाला कापून काढतात आणि छत्र्या बाजूला सरकतात. नायकाचे आडनाव मालवणकर, हेही ध्यानात ठेवावे.

हे सारे त्याच चारपाच वर्षांत का यावे? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ तर हवीच होती. पण खरे भांडण १९४६च्या कायद्याशी होते. कामगार कुणाच्याही मागे असोत, बोलणी करण्याचा हक्क मान्यताप्राप्त अशा एकाच संघटनेला. दत्ता सामंतांचा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. बापाचा साचा बंद पडला आणि पोरगा नाक्यावर आला. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडणार नाही.

न्यूयॉर्कलाही असे चित्रपट निघाले. १९७४च्या ‘डेथ विश’मधला सूड घेणारा नायक वास्तुशिल्पी आहे, खाऊनपिऊन सुखी, पोलीस त्याला गाव सोड एवढेच सांगतात. आमच्या चौघांना फास! ज्याच्यापाशी घर आहे त्याचा सूड निराळा, आणि ज्याच्यापाशी नोकरीही नाही त्याचा निराळा.

तिकडचा बेचाळिसावा रस्ता धुऊनपुसून चकचकीत झाला. इकडे फिनिक्स गिरणीच्या जागी बाजार थाटला. १९९१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी, तिसरा घरांसाठी आणि उरलेला मालकांना ठरविला होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. यात सुरा नाही, रक्त नाही. यावर सूडाचा चित्रपट कोण काढणार? जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात त्या घरांची पडझड दाखविली. त्यावरून महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ निघाला तो २०१० साली, म्हणजे बहुतेक भोंगे थांबल्यावर.

माझे वडील परळला साचेखात्यात होते. संपानंतर ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाईच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागले. दहावीनंतर मीही तेथेच. परळला भोंग्याबरोबर हजारो माणसे एका रस्त्यावर येत. बोईसरला पाळ्या निरनिराळ्या, ठेकेदार निरनिराळे, आणि शेजारच्या मशिनवरच्या माणसाचे गाव कोणते हेही ठाऊक नसते. संघटना बांधताना याचा किती जाच होतो, ते आम्हांलाच ठाऊक.

काही वर्षांपूर्वी येथील एका कारखान्यात स्फोटात एक तरुण मजूर गेला. ठेकेदाराने हजेरीपटावर त्याचे नावच नाही असे सांगितले. रात्री चार मुले माझ्या दारात आली. “काका, तुम्ही फक्त त्याचं घर दाखवा,” म्हणाली. मला पिटातल्या त्या टाळ्या आठवल्या. मी घर दाखविले नाही. १९२३च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचे पुस्तक काढले. मुले माझ्याकडे जशी पाहत होती, ते मी विसरलो नाही. एक जण थुंकून निघून गेला.

दावा चार वर्षे चालला. उरलेली तिघे आळीपाळीने खाडा करून प्रत्येक तारखेला माझ्याबरोबर येत. विधवेला रक्कम मिळाली. थुंकून गेलेला मुलगा त्या दिवशी बाहेर रिक्षा घेऊन उभा होता. त्याने आम्हांला स्टेशनवर सोडले आणि भाडे घेतले नाही.