मृताचा शब्द आणि सरकारी नोंदवही

अवयवदानावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दधीची ऋषींपासून सुरुवात होते. वज्रासाठी त्यांनी अस्थी दिल्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. देव मागायला आले तेव्हा दधीची हयात होते. त्यांनी स्वतःच्या तोंडाने होकार दिला. आजचा दाता होकार देतो चाळिसाव्या वर्षी, आणि त्याची गरज पडते तेव्हा तो बोलायला नसतो. मधल्या काळात त्याचा शब्द कुणी सांभाळायचा? अमेरिकेतल्या राज्यांनी कायद्याने याचं उत्तर कसं शोधलं, तो इतिहास आज पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, कारण अमेरिकेने कायद्याची परंपरा तिथूनच घेतली. १८८२ सालचा विल्यम्स विरुद्ध विल्यम्स हा खटला. हेन्री क्रुकेंडन नावाच्या गृहस्थांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझा देह इलायझा विल्यम्स या मैत्रिणीच्या ताब्यात द्यावा आणि तिने त्याचं दहन करावं. घरच्यांनी दफन केलं. या बाईंनी पुढे देह उकरून काढला, इटलीत मिलानला नेऊन दहन केलं आणि खर्चासाठी दावा लावला. त्या हरल्या. न्यायालय म्हणालं, प्रेत ही कुणाची मालमत्ता नाही. म्हणून त्याविषयी मृत्युपत्रात दिलेली आज्ञा बंधनकारक नाही. म्हणजे बघा, माणसाने आपलं घड्याळ कुणाला द्यायचं हे सांगितलं तर कायदा ऐकेल. देहाचं सांगितलं तर ऐकणार नाही.

ही अडचण १९६७ च्या डिसेंबरात एकदम तातडीची झाली. केपटाउनला ख्रिस्तिआन बार्नार्ड यांनी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. आता मृतदेहातल्या अवयवावर दुसऱ्याचं जगणं अवलंबून होतं. अमेरिकेत मृत्युपत्र, देणगी, अंत्यविधी हे राज्यांच्या कायद्याचे विषय. तेव्हा राज्यांचे कायदे एकसारखे व्हावेत म्हणून १८९२ पासून काम करणाऱ्या आयुक्तांच्या परिषदेने १९६८ मध्ये एक नमुना कायदा तयार केला : युनिफॉर्म अ‍ॅनाटॉमिकल गिफ्ट अ‍ॅक्ट. पाचएक वर्षांत सगळ्या राज्यांनी तो स्वीकारला. प्रौढ माणसाने दोन साक्षीदारांसमोर कार्डावर सही केली की त्याचं दान पक्कं. नातेवाइकांच्या हक्कापेक्षा दात्याचा शब्द वरचा, असं कायद्याने स्पष्ट म्हटलं.

कागदावर प्रश्न सुटला. पण कार्ड असायचं पाकिटात, पाकीट घरी किंवा अपघाताच्या जागी. आणि सापडलं तरी डॉक्टर रडणाऱ्या कुटुंबालाच विचारायचे. ते 'नको' म्हणाले की संपलं. १९८७ च्या सुधारणेने साक्षीदारांची अट काढली, कुटुंबाच्या संमतीची गरज नाही असंही सांगितलं. पण निम्म्याच्या आसपास राज्यांनीच ती स्वीकारली. नियमाचं राज्याराज्यांतलं एकसारखेपण गेलं.

म्हणून २००६ चा नवा मसुदा आला आणि त्यात दातानोंदणीवर स्वतंत्र कलम आलं. इथे एक घोळ टाळू या. अवयवाची वाट पाहणाऱ्या रुग्णांची प्रतीक्षायादी वेगळी. ती देशपातळीवरची, १९८४ च्या केंद्रीय कायद्यातून आलेली. अवयवांच्या विक्रीवर बंदीही त्याच कायद्याची. दात्यांची नोंदवही मात्र राज्याची.

या कलमात काय आहे? राज्याने नोंदवही स्वतः चालवावी किंवा कुणाला कंत्राटाने द्यावी. लायसन्स देणाऱ्या खात्याने, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओने, दानाची, त्यातल्या बदलाची, ते मागे घेतल्याची माहिती तिकडे पाठवावी. नोंदवही आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघडी असावी, कारण मृत्यू कचेरीची वेळ बघून येत नाही. आणि माहिती एकाच कामासाठी वापरायची : मृत्यूच्या सुमारास या व्यक्तीने दान केलं होतं का, हे पाहण्यासाठी. दात्याच्या स्पष्ट संमतीशिवाय इतर कशासाठीही नाही. खाजगी नोंदवही काढायला मुभा आहे, पण अटी ह्याच. आणखी एक बारकावा : लायसन्सची मुदत संपली किंवा ते रद्द झालं, तरी दान रद्द होत नाही. गाडी चालवायचा परवाना गेला म्हणून दिलेला शब्द जात नाही.

आपल्याला सातबाऱ्याचं महत्त्व सांगायला नको. नोंद चढली की तोंडी दावे मागे पडतात. दानाच्या बाबतीत नेमकं हेच घडवायचं होतं.

पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक जागा टोचते. या मसुद्यातली नोंदवहीची व्याख्या दान, बदल आणि माघार एवढ्याच नोंदींची आहे. पहिल्यापासूनचा नकार तिच्यात येत नाही. नकार लेखी देता येतो, कायदा तो मानतो. पण त्याला नोंदवहीत घर नाही. होकार जपायला राज्य चोवीस तास जागं, नकाराचा कागद मात्र ज्याचा त्याने सांभाळायचा. आणि जो काहीच बोलला नाही, त्याच्या वतीने निर्णय नातेवाइकांकडे जातो. स्वायत्तता मानायची तर होकार-नकार दोन्ही सारख्याच आदराने लिहून घ्यायला हवेत, असं माझं मत आहे.

आपल्याकडचा धागा राज्यांपासूनच सुरू होतो. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी घटनेच्या २५२ व्या कलमाखाली ठराव केले आणि मग संसदेने १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो या राज्यांत लागू झाला. दात्याने दोन साक्षीदारांसमोर लिहून द्यायचं, त्यांतला निदान एक जवळचा नातेवाईक. दाते आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांची राष्ट्रीय नोंदवही २०११ च्या दुरुस्तीने आली. प्रत्यक्षात मात्र रुग्णालयं आजही कुटुंबाच्या संमतीशिवाय पुढे जात नाहीत.

यात कुटुंबाचा दोष नाही. मेंदूमृत माणसाचं हृदय चालू दिसतं, अंग उबदार असतं; त्या घडीला 'हो' म्हणायचा निर्णय फार जड असतो. नोंदवही त्यांचं दुःख कमी करत नाही. पण निर्णयाचं ओझं त्यांच्यावरून उतरवू शकते : निर्णय झालेला आहे, तुम्ही तो फक्त ऐकायचा आहे. अट एकच, तो शब्द घरच्यांनी आधी एकदा दात्याच्या तोंडून ऐकलेला हवा. तेव्हा ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी घरी सांगा. ज्यांना द्यायचं नाही त्यांनीही सांगा. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.