दोरीवरची विमाने

कुर्ल्यातल्या ज्या प्राथमिक शाळेत मी शिकवते, तिच्या छपरावरून दर काही मिनिटांनी एखादे विमान सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरत जाते. आवाज एवढा, की फळ्यावरचे वाक्य वाचता वाचता थांबावे लागते. तिसरीच्या मुलांना त्याचे काहीच वाटत नाही. त्यांच्या लेखी विमान कावळ्याइतकेच रोजचे. म्हणून ‘विमान कसे बदलत गेले’ हा पाठ सोपा जाईल, असे मला वाटले होते. दहा-बारा वर्षे तो घेतल्यावर सांगते, की त्या पाठात मुलांपेक्षा मी अधिक चुकले.

पद्धत साधी होती. वर्गात एक दोरी बांधायची, मुलांना सात चित्रे द्यायची आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ती दोरीला चिमट्यांनी लावायला सांगायची. राइट बंधूंचे १९०३चे विमान, १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणारे ब्लेरिओचे, जे. आर. डी. टाटांचे १९३२चे ‘पस मॉथ’, १९३५चे ‘डीसी-३’, बोइंग ७४७, काँकॉर्ड आणि आजचे बोइंग ७८७. मुलांनी ब्लेरिओचे विमान आधी लावले आणि राइट बंधूंचे नंतर. कारण विचारले, तर एक मुलगी म्हणाली, “बाई, याला एकच पंख आहे, त्याला दोन मजले आहेत. दोन मजली घर नंतर बांधतात ना?”

त्या दिवशी मी चित्रे मुकाट्याने जागेवर लावली आणि तारखा पाठ करून घेतल्या. ती माझी पहिली चूक. मुलीच्या उत्तरात तर्क होता, त्याला उत्तर द्यायला हवे होते. पुढच्या वर्षी ते दिले. लाकूड आणि कापड यांचा एकच लांब पंख वाकतो. दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब उभे केले आणि तिरप्या तारा ताणल्या, की इमारतीला बांधलेल्या बांबूच्या परांचीसारखा हलका पण ताठ सांगाडा तयार होतो. मुलांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन हे स्वतः करून पाहिले. एकच पंख ठेवणाऱ्या ब्लेरिओला तो वरून आणि खालून तारांनी ताणून धरावा लागला होता. १९१५ साली जर्मनीत युंकर्सने सबंध धातूचे विमान बनवले, त्यात हा आधार पंखाच्या पोटातच गेला. ‘डीसी-३’पर्यंत येताना बाहेरच्या तारा नाहीशा झाल्या आणि चाकेही उड्डाणानंतर आत ओढून घेता येऊ लागली. दुसरा पंख गेला, कारण त्याचे काम उरले नाही.

काँकॉर्डने याच्या उलटी गंमत केली. दर वर्षी मुले ते सर्वांत शेवटी लावतात. अणकुचीदार नाक, बाणासारखे अंग. तेच सर्वांत नवे असणार! प्रत्यक्षात ७४७ आणि काँकॉर्ड दोघांचेही पहिले उड्डाण १९६९ सालचे, एक फेब्रुवारीत, दुसरे मार्चमध्ये. एकच काळ, पण प्रश्न वेगळे: जास्त माणसे कशी न्यायची, आणि जास्त वेगाने कसे जायचे. काँकॉर्ड आवाजाच्या दुप्पट वेगाने जाई, पण शंभराच्या आसपासच प्रवासी नेई. इंधन फार खाई आणि गोंगाटही फार करी. २००३ साली त्याची सेवा थांबली. लोकल गाडीत वाढलेल्या मुलांना हे समजायला वेळ लागत नाही. “माणसं कमी बसली तर तिकीट महाग,” एकाने लगेच सांगितले. नवे दिसणारे सारेच पुढे टिकत नाही, हे त्यांना दोरीनेच दाखवले.

मग आम्ही मैदानात जातो. १७ डिसेंबर १९०३चे पहिले उड्डाण १२० फुटांचे आणि १२ सेकंदांचे होते. मुले सुतळीने तेवढे अंतर मोजतात, बारापर्यंत आकडे म्हणत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात आणि खट्टू होतात: “एवढंच?” मग मी सांगते, की पहिल्या ७४७च्या पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबीच १९५ फूट होती. ते सबंध उड्डाण त्या पंखांच्या लांबीत मावले असते. या दोहोंमध्ये गेली ६६ वर्षे, म्हणजे एका आजीचे आयुष्य.

माझी दुसरी चूक अधिक मोठी होती. तिसऱ्या वर्षी एका मुलाने हात वर केला. “बाई, पहिलं विमान आपल्या चौपाटीवर उडालं होतं. आमचे आजोबा सांगतात.” शिवकर बापूजी तळपदे यांची ही गोष्ट मुंबईत अनेकांनी ऐकलेली असते: त्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान माणसाविना उडवले, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी. मी गप्प झाले. कारण पहिल्या वर्षी हीच गोष्ट मी स्वतः वर्गात खरी म्हणून सांगितली होती. लहानपणी अभिमानाने ऐकलेली, कधीच न तपासलेली.

त्या आठवड्यात मी वाचायला बसले. त्या उड्डाणाचे छायाचित्र किंवा त्या वेळी लिहिलेली, पडताळून पाहता येईल अशी नोंद अभ्यासकांना मिळालेली नाही. या गोष्टीला जोडून ज्याचा दाखला दिला जातो, ते ‘वैमानिक शास्त्र’ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली तपासले. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट राइट बंधूंच्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, ऑर्व्हिलची डायरी आहे, घरी वडिलांना केलेली तार आहे, विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्यांच्या फसलेल्या प्रयोगांच्याही नोंदी आहेत.

आठ वर्षांच्या मुलांना हे सारे सांगून काय उपयोग? मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोणी पाहिले? केव्हा लिहिले? वस्तू उरली आहे का? चित्र आहे का? सर्व चित्रांना आम्ही तेच प्रश्न विचारले. टाटांच्या १५ ऑक्टोबर १९३२च्या उड्डाणालाही: कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल, वाटेत बैलगाडीतून आणलेले इंधन. विमानाला बैलगाडी लागली, हे मुलांना सर्वांत आवडले. तळपद्यांचा कागद आम्ही दोरीला लावला नाही आणि फाडलाही नाही. भिंतीवर ‘तपासायचे आहे’ या पाटीखाली लावला.

दोन दिवसांनी आजोबा शाळेत आले. “आमच्या माणसाला खाली का उतरवलंत?” त्यांचा आवाज चढला होता. मी विचारले, “तुम्ही कोणाकडून ऐकलंत?” वडिलांकडून. “त्यांनी पाहिलं होतं?” ते थांबले. म्हणाले, “नाही. त्यांनीही ऐकलंच होतं.” मग दोरीवरच्या ७४७पाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले जम्बो, ‘सम्राट अशोक’, मुंबईत आले तेव्हा ते शाळकरी होते. पळत बघायला गेले होते.

पुढच्या सोमवारी ते वर्गात आले. मुलांनी चारही प्रश्न त्यांना विचारले. छायाचित्र त्यांच्याकडे नव्हते. पण त्यांनी सांगितले, की प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल महिरप रंगवलेली होती. मी त्या विमानाचे जुने छायाचित्र शोधून आणले. महिरपी तिथे होत्या. त्यांच्या नातवाने आजोबांचे नाव लिहून चिठ्ठी १९७१च्या जागी दोरीला लावली. तळपद्यांचा कागद अजून त्या पाटीखालीच आहे.