गतिरोधकाची त्रिज्या

आमच्या गावची शाळा रस्त्याला अगदी लागून आहे. रस्ता मुरमाचा होता तोवर त्याची कोणाला धास्ती वाटत नसे, कारण वाहनांना आवरायचे काम खड्डेच करीत. मग डांबर पडले आणि एसटी, वडापच्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर सगळेच सुसाट झाले. एके दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी एका मुलाला जीपची धडक बसली. मुलगा वाचला, पण त्याच रात्री गावकऱ्यांनी शाळेसमोर दगड-मुरूम टाकून आडवा बांध घातला. पुढे त्यावर सिमेंट चढले. झाला स्पीडब्रेकर!

दोनेक महिन्यांनी रात्रीच्या अंधारात एक मोटारसायकल या बांधावर आदळली आणि मागे बसलेली बाई उसळून रस्त्यावर पडली. महिनाभर ती अंथरुणात होती. दिवसा मोटारसायकलवाले बांध चुकवण्यासाठी साइडपट्टीवरून गाडी काढू लागले. साइडपट्टी म्हणजे मुलांची शाळेत जायची वाट. मुलांना वाचवण्यासाठी घातलेल्या बांधाने गाड्या नेमक्या मुलांच्याच अंगावर घातल्या.

बांध घालणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मग चुकले कोठे? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वाहनांना गावातून हळू न्यायचे कसे, हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. इंग्लंडमध्ये वाफेवर चालणारी वाहने रस्त्यावर येऊ लागली तेव्हा १८६५ च्या कायद्याने त्यांना खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल एवढीच मुभा दिली. शिवाय वाहनापुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे! आज आपल्याला हसू येते. पण चालत्या माणसाहून वाहन पुढे जाऊ शकत नाही, अशी ही व्यवस्था होती. १८९६ मध्ये नव्या कायद्याने तो माणूस हटवला आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर नेली. तेव्हापासून वेग आवरण्याचे काम पाट्या, दंड आणि चालकाची सद्बुद्धी यांच्यावर सोपवले गेले.

या तिघांवर विसंबून राहायला तयार नसलेले एक छोटे गाव म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले चॅटम. १९०६ साली तेथे पादचाऱ्यांच्या ओलांडण्याच्या पट्ट्याच रस्त्यापासून ५ इंच उंच करायचे ठरले. वेगात येणाऱ्याला दणका बसेल आणि तो पुढच्या वेळी जपून येईल, असा सरळ हिशेब होता. आमच्या गावकऱ्यांनी केले ते याहून फारसे निराळे नाही.

यानंतर या गोष्टीत एक अनपेक्षित माणूस येतो. आर्थर कॉम्प्टन हे नाव पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांना ठाऊक असतेच. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरले की त्यांची तरंगलांबी वाढते, हा त्यांचा शोध. त्यासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना सी. टी. आर. विल्सन यांच्याबरोबर मिळाले. (त्याच्या आदल्या वर्षी ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात व्याख्याने द्यायला आले होते.) दुसऱ्या महायुद्धानंतर ते सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती झाले. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपुढून मोटारी भरधाव जातात हे पाहून १९५३ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या उंचवट्यांची आखणी केली. नोबेल मिळालेल्या माणसाने हे काम हलके मानले नाही, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

मात्र उंचवट्याचा नेमका आकार कोणता असावा याची पद्धतशीर तपासणी झाली ती ब्रिटनच्या परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत. तेथील वॉट्स या संशोधकाने निरनिराळ्या लांबी-उंचीच्या उंचवट्यांवरून निरनिराळी वाहने नेऊन पाहिली. १९७३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याची शिफारस होती: वाहनाच्या दिशेने १२ फूट लांब, मध्यभागी ४ इंच उंच आणि वर्तुळाच्या कंसासारखा गोलसर उंचवटा. म्हणजे सुमारे ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर.

एवढा पसरट उंचवटा वेग कसा काय अडवणार, असे कोणालाही वाटेल. अरुंद बांधच जास्त दणका देईल ना? येथेच गंमत आहे. मोटारीचा सांगाडा चाकांवर थेट बसवलेला नसतो. मध्ये स्प्रिंगा किंवा पाटे असतात. स्प्रिंगवरच्या या वजनाला वर-खाली एक हेलकावा घ्यायला साधारण एक सेकंद लागतो. आता ४० सेंटिमीटर रुंदीचा बांध ताशी ६० किलोमीटर वेगाने ओलांडायला किती वेळ लागेल? सेकंदाचा चाळिसावा भाग. तेवढ्यात चाक वर जाऊन खाली येते, टायर दबतो, पाटे दबतात. पण सांगाड्याला हलायला सवडच मिळत नाही. हळू गेले तर मात्र दणका आत पोहोचतो. त्यामुळे अरुंद बांध चालकाला उलटाच धडा देतो: वेगात गेलास तर कमी त्रास! ज्याला स्प्रिंगच नाही त्या बैलगाडीला आणि दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला तो पूर्ण दणका देतो.

३.७ मीटरच्या उंचवट्यावर सांगाड्याला वर-खाली व्हावेच लागते. जीवांच्या अंतर्छेदनाचे प्रमेय दहावीत असते. ते येथे लावा: अर्ध्या जीवेचा, म्हणजे १.८५ मीटरचा वर्ग ३.४२, त्याला ०.१ ने भागले की व्यासाचा उरलेला भाग ३४.२ मीटर येतो. म्हणून त्रिज्या सुमारे १७ मीटर. आता वर्तुळाकार मार्गावरचे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ताशी २५ किलोमीटर वेगाला ते सेकंदवर्गाला २.८ मीटर येते. बसलेल्याला जरा हलके वाटते, इतकेच. ताशी ५० ला ते चौपट होऊन ११.३ येते. गुरुत्व त्वरण ९.८ आहे, म्हणजे गाडी रस्ता सोडू पाहते! पाटे आणि टायर यांच्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, पण वेग वाढला की त्रास वाढतो हे खरे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांना हे सांगायला नको. ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने ढेकीच्या टोकासारखे उसळते.

ताशी २५ च का? ५० च्या वेगाने येणारा चालक मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तरी त्यातच १४ मीटर जातो. चांगला ब्रेक लागल्यावर आणखी तेवढेच. २५ ला हेच सगळे १०-११ मीटरमध्ये आटोपते.

भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत हाच आकार घेतला: ३.७ मीटर, १० सेंटिमीटर, त्रिज्या १७ मीटर, वेग ताशी २५. सोबत ४० मीटर आधी सूचनेची पाटी आणि उंचवट्यावर काळे-पांढरे पट्टे. २०१८ मध्ये ही मार्गदर्शिका सुधारून निघाली. दरम्यान २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली होती आणि देशभर असंख्य गावांत डांबर पोहोचले होते. डांबरापाठोपाठ बांध आले. मार्गदर्शिका मात्र कचेरीतच राहिली. राष्ट्रीय महामार्गांवर तर इतके गतिरोधक झाले, की २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रालयाला ते काढण्याचे आदेश द्यावे लागले.

आम्ही नववीच्या मुलांना घेऊन शाळेसमोरचा बांध मोजला. दोरी आणि पट्टी एवढेच साहित्य. रुंदी ४५ सेंटिमीटर, उंची १८. मुलांनी त्रिज्या काढली: २३ सेंटिमीटर. मग एकाने मोटारसायकलच्या चाकाची त्रिज्या मोजली. ती ३० भरली. चाकापेक्षा बांधाचा गोलवा लहान! मुले काही वेळ गप्पच होती.

हे आकडे घेऊन मुलेच ग्रामपंचायतीत गेली. गवंड्याची अडचण वेगळी होती: १७ मीटर त्रिज्येचा कंस आखायचा कसा? तेव्हा मुलांनी तक्ता करून दिला. मध्यावर उंची १० सेंटिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९.३, एक मीटरवर ७.१, दीड मीटरवर ३.४, आणि १.८५ मीटरवर शून्य. सुताराने त्याप्रमाणे फळीचा फर्मा कापला. गतिरोधक दोन्ही कडांच्या गटारापर्यंत नेला, म्हणजे साइडपट्टीवरून निसटायला वाट उरली नाही. पांढरे पट्टे मुलांनीच ओढले. ४० मीटरवरची पाटी अजून यायची आहे. फर्मा शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीला टेकवून ठेवला आहे. शेजारच्या गावाचा गवंडी तो मागायला येऊन गेला.